छापील फलक काढून सगळीकडे स्क्रीन लावाव्यात का?

प्रश्न: सांगली जिल्ह्यातील एका गावच्या मुख्य बाजारपेठेत आमचे साड्यांचे आणि लग्नाच्या बस्त्याचे दुमजली दुकान आहे. दर सणाला आम्ही फ्लेक्स, स्टँडी (जमिनीवर उभे करायचे फलक) आणि डँगलर (छताला लटकवायच्या जाहिराती) छापून घेतो आणि सण उलटला की ते सगळे माळ्यावर जाते. आता एका विक्रेत्याने दर्शनी भागात एलईडी वॉल आणि आत चार स्क्रीन लावण्याचा प्रस्ताव दिला आहे. त्याच्या मते छपाईचा खर्च कायमचा बंद होईल. आमचा नेहमीचा फ्लेक्सवाला मात्र स्क्रीन म्हणजे चार दिवसांचे कौतुक असे म्हणतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर: दोघेही आपापला माल विकत आहेत आणि त्यात गैर काही नाही, परंतु आपल्याला जे दोन प्रश्न आधी विचारायला हवे होते ते दोघांपैकी कोणीही विचारलेले दिसत नाहीत. दुकानात लावायच्या प्रत्येक मजकुराबद्दल मी प्रथम हे विचारतो की हा मजकूर किती दिवस खरा राहणार आहे, आणि त्यानंतर हे की तो वाचणारा माणूस त्या जागी किती वेळ थांबणार आहे. गेली बावीस वर्षे मी दुकानांचे फलक करतो आहे. सुरुवात एका पेंटरच्या हाताखाली पत्र्यावर अक्षरे रंगवण्यापासून झाली आणि आज माझे निम्मे काम स्क्रीनचे असते. वर्षानुवर्षे न बदलणारा मजकूर छापावा, रोज किंवा आठवड्याला बदलणारा स्क्रीनवर द्यावा, आणि ज्या जागी माणूस थांबतच नाही तिथे हलणारे चित्र लावून पैसे घालवू नयेत, एवढ्या तीन वाक्यांत माझे उत्तर संपते. मात्र आपल्या दुकानाच्या बाबतीत त्याचा नेमका अर्थ काय होतो ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

आधी एक वही घेऊन रस्त्यापासून गल्ल्यापर्यंत चालत जा आणि दुकानात आज जे जे लिहिलेले आहे ते सगळे उतरवून काढा. दुकानाचे नाव, कोणत्या मजल्यावर शालू आणि कोणत्या मजल्यावर नऊवारी, माल बदलून देण्याचे नियम, फॉल-पिकोची सोय, गेल्या दिवाळीचा राहून गेलेला डँगलर, सणाची सवलत, नव्याने आलेला माल, असे सगळे त्यात यावे. प्रत्येक ओळीपुढे तो मजकूर शेवटचा कधी बदलला ते लिहा. माझा अनुभव असा की यातला बराचसा मजकूर वर्षभर बदलतच नाही, आणि जो बदलतो तो इतक्या वेगाने बदलतो की छपाईवाल्याकडून तो येईपर्यंत निम्मा सण उलटून जातो. सराफांना हे फार पूर्वीपासून कळलेले आहे. दुकानाच्या नावाची पाटी पितळी अक्षरांची आणि आजचा भाव मात्र खडूने फळ्यावर, ही जुन्या सराफी पेढीची रचना म्हणजे आपण आज ज्याची चर्चा करतो आहोत तीच जोडी होती; फळ्याच्या जागी स्क्रीन आली एवढाच फरक.

आता नामफलक. तो स्थिर आणि भक्कमच असावा, आणि यात मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नामफलकावर देवनागरी लिपीतील मराठी नाव सुरुवातीला असणे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक आहे, आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही त्यात येतात. मुंबईतील व्यापाऱ्यांच्या संघटनेने याविरुद्ध दाद मागितली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांत पूर्तता करण्यास सांगितले होते. एलईडी वॉलवर काही सेकंद मराठी नाव आणि काही सेकंद इंग्रजी नाव दाखवले तर नियम पाळला जातो की नाही, हा वाद निरीक्षकाशी घालत बसण्यापेक्षा एसीपी (ॲल्युमिनियमचे थर असलेल्या) पत्र्यावर ॲक्रिलिकची मराठी अक्षरे, आत एलईडी मोड्यूल (दिव्यांचे तयार तुकडे) आणि खाली हवे असल्यास इंग्रजी नाव, हा मार्ग स्वस्त आणि निर्धोक आहे. शिवाय वीज गेली तरी ॲक्रिलिकची अक्षरे दिवसा वाचता येतात, आणि स्क्रीन बंद पडली की ती नुसती काळी पाटी होते.

अक्षरांच्या मापाबद्दल फलकवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दहा फूट अंतरामागे एक इंच उंचीचे अक्षर सहज वाचता येते. रस्त्यावरून ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा दुचाकीस्वार सेकंदाला सुमारे २७ फूट पुढे सरकतो. आपला फलक त्याला १०० फुटांवरून दिसू लागला तर त्याच्याकडे चार सेकंदही नसतात, आणि एवढ्या अंतरासाठी १० इंची अक्षर लागते. मात्र हा ठोकताळा इंग्रजी अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि मात्रा, आणि खाली उकार असतो; म्हणून १० इंच हे माप शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे धरावे आणि वर-खाली वेगळी जागा सोडावी. पुष्कळ फलकांवर वेलांटीसह एकूण उंची १० इंच धरलेली असते, त्यामुळे मूळ अक्षर सहा-सात इंचांचेच उरते आणि मालकाला कळत नाही की इंग्रजी नाव लांबून दिसते आणि मराठी का दिसत नाही.

याच कारणाने लाल अक्षरांची सरकती पट्टी घेताना सावध राहावे. बाहेर लावायच्या नेहमीच्या पी-१० मोड्यूलमध्ये, म्हणजे दोन दिव्यांत दहा मिलिमीटर अंतर असलेल्या तुकड्यात, दिव्यांच्या फक्त १६ आडव्या ओळी असतात. त्यात इंग्रजी नाव नीट बसते; परंतु ‘वर्षपूर्ती’ हा शब्द लिहून पाहा, म्हणजे रफार, वेलांटी आणि दीर्घ उकार यांची कशी दाटी होते ते दिसेल. मराठीसाठी दोन मोड्यूल एकावर एक लावून ३२ ओळींची पट्टी घ्यावी, किंवा घेऊच नये. पट्टीचा वेगही बहुतेक ठिकाणी अवाजवी ठेवलेला असतो. स्वतः रस्त्यावर उभे राहून मोठ्याने वाचता येईल इतकाच तो असावा.

विक्रेत्याने सुचवलेल्या मोठ्या एलईडी वॉलबद्दल मी आपल्याला स्पष्ट नकार देतो, आणि त्याची कारणे तीन आहेत. पहिले, रस्त्यावर थांबणारा माणूस आपल्याकडे नाही. आपल्यासमोर बसथांबा किंवा सिग्नल असता तर मी वेगळे बोललो असतो; चालत्या बाजारपेठेत त्या भिंतीवरचे वीस सेकंदांचे दृश्य कोणी पूर्ण पाहत नाही. दुसरे कारण परवानगी आणि वजन. स्वतःच्या दुकानाचा नामफलक आणि रस्त्याकडे तोंड केलेला जाहिरातीचा पडदा यांत स्थानिक संस्था फरक करतात. मोठ्या महापालिकांत हे काम आकाशचिन्ह व परवाना विभाग पाहतो, आपल्याकडे नगरपरिषदेत आधी लेखी विचारून घ्यावे. बाहेरच्या एलईडी वॉलच्या लोखंडी कॅबिनेटचे वजन चौरस मीटरला तीस ते पन्नास किलो असते आणि ते आपल्या जुन्या भिंतीवर किंवा सज्जावर येणार असते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला कोसळलेले होर्डिंग साधारण १२० फूट लांब आणि तितकेच उंच होते, मुंबईतील ४० फुटांची मर्यादा असताना. सतरा माणसे त्याखाली गेली. आपली भिंत त्या मानाने चिमुकली आहे, तरीही खाली फुटपाथवर माणसेच उभी असतात, म्हणून स्थापत्य अभियंत्याच्या प्रमाणपत्राशिवाय दर्शनी भागावर जड काही चढवू नये. तिसरे कारण असे की अशा भिंतीला रात्री प्रकाश कमी करावा लागतो. दिवसाच्या उन्हात दिसण्यासाठी तिची तेजस्विता पाच हजार निटच्या (निट हे स्क्रीनची तेजस्विता मोजण्याचे एकक) पुढे ठेवलेली असते, आणि प्रकाश मोजणारा सेन्सर नसेल तर तीच तेजस्विता संध्याकाळी समोरच्या घरातल्यांना झोपू देत नाही. शेजारच्यांशी वैर घेऊन बस्ते बांधून होत नाहीत.

शोकेसचे गणित वेगळे आहे. चालणारा माणूस सेकंदाला साधारण चार फूट जातो. आपली दर्शनी बाजू २४ फुटांची असली तर त्याला आपल्यासाठी सहा सेकंद आहेत, आणि तो त्या सहा सेकंदांत चित्रफितीच्या कोणत्या टप्प्यावर येईल ते आपल्या हातात नाही. म्हणून शोकेसमध्ये आधी मॉडेल हळूवार वळते आहे, मग पदर उलगडतो आहे आणि पंधराव्या सेकंदाला किंमत येते आहे, अशी रचना फुकट जाते. तिथे प्रत्येक दृश्य स्वतःपुरते पूर्ण असावे: एक साडी, चार-पाच शब्द, हवी असल्यास किंमत, आठ-दहा सेकंद स्थिर, मग पुढचे. तिथे ५५ इंची उभी स्क्रीन पुरते. फक्त ती घरगुती टीव्हीची नसावी. घरचा टीव्ही दोनशे-चारशे निटचा असतो आणि काचेमागे दुपारी त्यात आपलेच प्रतिबिंब दिसते. शोकेससाठी दोन-अडीच हजार निटचे पॅनेल मिळतात. आपले दुकान पश्चिमाभिमुख असेल तर हेही नको. कडक ऊन थेट पडल्याने तापलेल्या एलसीडीवर काळे डाग पडतात. ज्या शोकेसमध्ये ऊन येते तिथे कापडावर छापलेला प्रकाशपेटीचा फलक लावावा: ॲल्युमिनियमची चौकट, आत दिवे आणि कडेला रबरी पट्टी शिवलेले छापील कापड. चौकट एकदाच घ्यायची. कापड वर्षातून चार-पाच वेळा बदलायचे, आणि तेही आपला मुलगा शिडीवर न चढता बदलू शकतो. फ्लेक्स आणि स्क्रीन यांच्या मधला हा पर्याय लोकांना फारसा माहीत नाही, आणि दोन्ही विक्रेत्यांना त्यात रस नसल्याने तो कोणी सुचवत नाही.

आता दुकानाच्या आत या. बस्त्याला आलेले कुटुंब दहा-पंधरा माणसांचे असते आणि तीन-चार तास थांबते. थांबण्याच्या वेळेच्या दृष्टीने यापेक्षा चांगला प्रेक्षक कोणाला मिळणार? तरीही, किंबहुना त्यामुळेच, गादीच्या समोर किंवा वर स्क्रीन लावू नका. तिथे बायका साड्यांचे रंग पारखत असतात. स्क्रीनवरचे दृश्य बदलले की तिचा प्रकाशही बदलतो, आणि तो उजेड रेशमावर पडला की राणी रंग जांभळ्याकडे झुकलेला दिसतो. मग साडी दारात नेऊन उन्हात पाहण्याचा आग्रह सुरू होतो. एका दुकानात मी स्वतः ही चूक केली होती. गादीच्या मागच्या भिंतीवर हौसेने एलईडी वॉल बसवली आणि महिनाभरात सेल्समन मंडळींनी ती दुपारभर बंद ठेवायला सुरुवात केली. कोणी तक्रार केली नाही, फक्त रिमोट सापडेनासा झाला.

स्क्रीनची खरी जागा आहे ती सोबत आलेले सासरे, काका आणि मुले जिथे बसतात तिथे, कारण त्यांच्याकडे वेळ असतो, साड्यांत रस नसतो, आणि पैसे बहुधा त्यांच्याच खिशातून जाणार असतात. तिथे तीन-चार मिनिटांची आवाजविरहित चित्रफीत चालवावी आणि निवेदन मोठ्या मराठी अक्षरांत खाली द्यावे. येवल्याच्या मागावर पैठणीचा पदर कसा विणला जातो, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी नक्षी कशी ओळखावी, शुद्ध रेशमाची हमी देणारे सिल्क मार्कचे लेबल कुठे असते आणि त्यावर काय पाहावे, हे दाखवावे. मग छापील आणि डिजिटल यांची खरी सांगड दिसते. साडीला लटकणारे सिल्क मार्कचे छापील लेबल हा हातात घेण्याचा पुरावा आहे, पण त्याचा अर्थ बहुतेकांना माहीत नसतो. स्क्रीन तो अर्थ सांगते आणि पाच मिनिटांनी ग्राहक स्वतःहून लेबल उलटून पाहतो. दोन्हींवर एकच जाहिरात चिकटवली असती तर यातले काहीच घडले नसते. मी तर म्हणेन की एखादे वाक्य छापील फलकावर आणि स्क्रीनवर शब्दशः सारखे दिसले, तर त्या दोघांपैकी एकाची गरज नाही.

बदलत्या मजकुराचे उत्तम उदाहरण आपल्याच व्यवसायात आहे: नवरात्रीचे नऊ रंग. रंगांचा क्रम दरवर्षी बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचे डँगलर उपयोगी पडत नाहीत. शिवाय तिथीची वृद्धी झाली की नवरात्र दहा दिवसांचे होते, जसे २०२५ साली झाले, आणि नऊच छापून बसलेल्यांची पंचाईत होते. हा मजकूर स्क्रीनचाच. शोकेसमधील उभ्या स्क्रीनवर उद्याचा रंग आणि त्या रंगाच्या आपल्याकडील चार साड्या दाखवाव्यात. आजचा रंग दाखवून फायदा नाही, कारण आजची साडी बाईंनी सकाळीच नेसलेली असते. आत त्या रंगाच्या मांडणीपाशी मात्र छापील पाटी हवी, कारण स्क्रीन पाहून आत आलेल्या माणसाला कुठे जायचे ते स्थिर फलकानेच सांगितले पाहिजे. दिशा दाखवणारी पाटी कधीही फिरत्या दृश्यावर ठेवू नये. ‘पहिला मजला’ हे वाचायला कोणी लूप फिरून येण्याची वाट पाहणार नाही.

किंमत आणि सवलत यांचा नियम याहून कडक ठेवावा: आकडा एकाच ठिकाणी. माझ्या एका ग्राहकाच्या दुकानात दाराशी स्टँडीवर एक सवलत छापलेली होती आणि आतल्या स्क्रीनवर ती आठवड्याने कमी केली गेली. स्टँडी हलवायचे राहून गेले. गल्ल्यावर आलेल्या बाईंनी शांतपणे स्टँडी उचलून काउंटरवर आणून ठेवली आणि छापील आकड्याप्रमाणेच बिल करून घेतले, आणि ते योग्यच होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला स्थान नाही हे खरेच, पण कायद्यापर्यंत जाण्याआधीच बाजारात नाव जाते. तेव्हापासून मी छापील फलकावर ‘आजचे भाव आत स्क्रीनवर’ एवढेच देतो, किंवा आकडा छापायचाच असेल तर त्यासोबत सुरुवातीची आणि शेवटची तारीख त्याच मापाच्या अक्षरांत छापतो.

क्यूआर कोडबद्दल लोकांचा समज उलटा आहे. डिजिटल वस्तू म्हणून तो स्क्रीनवर दाखवला जातो, आणि ग्राहक पिशवीतून मोबाइल काढून कॅमेरा उघडेपर्यंत दृश्य बदलून जाते. तो स्क्रीनच्या चौकटीशेजारी छापून कायमचा लावावा. त्याचे माप अंतराच्या एक दशांश असावे, म्हणजे पाच फुटांवरून घ्यायचा असेल तर सहा इंचांचा. कोड छापील असला तरी त्यामागचा पत्ता आपल्या ताब्यात ठेवावा, म्हणजे तोच कोड आज पैठणीच्या चित्रफितीकडे आणि उद्या नव्या मालाकडे नेता येतो. मात्र अशी सोय देणाऱ्या एखाद्या कंपनीची वर्गणी थकली की छापलेले सगळे कोड एका रात्रीत मरतात, म्हणून तो पत्ता स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाखाली असावा. गल्ल्याजवळ पैसे देण्याच्या कोडखेरीज दुसरा कोणताही कोड नको. तिथे दिसेल तो चौकोन माणसे पैसे देण्यासाठीच स्कॅन करतात.

रंग आणि अक्षरे यांबद्दल थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. छपाई चार शाईंच्या मिश्रणातून होते आणि स्क्रीन तीन रंगांच्या प्रकाशातून, त्यामुळे झेंडूचा किंवा केशरी रंग स्क्रीनवर झळाळतो आणि फ्लेक्सवर मातकट उतरतो; दोन्हीकडे अगदी एकसारखा येणार नाही हे आधीच मान्य करावे. त्यातून दुकानाच्या नावाचा जो रंग आहे तो छापील नमुन्यावरून ठरवावा आणि स्क्रीन त्याच्या जवळ आणावी. नवीन स्क्रीन बहुधा निळसर झाक ठेवून येते; तिचे रंगतापमान साडेसहा हजार केल्विनच्या आसपास आणून, छापील नमुना शेजारी धरून डोळ्यांनी जुळवले की काम भागते.

अक्षरांचा प्रश्न अधिक चिवट आहे. आपला फ्लेक्सवाला बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतो. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या सामाईक अक्षरपद्धतीत, नसल्यामुळे स्क्रीनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की त्याची खिचडी होते, आणि मग कोणीतरी घाईने पुन्हा टाइप करताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका घुसतात. छापील फलकावर एक शुद्धलेखन आणि स्क्रीनवर दुसरे, हे बस्त्याला आलेल्या मास्तरांच्या नजरेतून सुटत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये लिहून, तपासून, मग दोघांना द्यावा. स्क्रीनवर जे भाव रोज टाइप होणार आहेत त्यासाठी ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ यांसारखा चांगला देवनागरी फॉन्ट प्लेअरमध्ये (स्क्रीनला दृश्ये पुरवणाऱ्या यंत्रात) घालून घ्यावा आणि विक्रेत्यासमोर ‘वऱ्हाड, दुसऱ्या, शृंगार, ॲप, लक्ष्मी’ हे शब्द टाइप करून दाखवायला सांगावे. ‘वऱ्हाड’मधला र तुटला तर लग्नाच्या दुकानात ती स्क्रीन शोभणार नाही. मराठी वळणाचे ल आणि श दिसतात की हिंदी वळणाचे, हेही पाहावे. फॉन्टमध्ये सोय असेल तर भाषा मराठी निवडल्यावर ते बदलतात. उभी स्क्रीन आणि सहा बाय तीन फुटांची स्टँडी यांच्या लांबी-रुंदीचे प्रमाण जवळपास सारखेच असते, म्हणून कडेला थोडी जागा मोकळी ठेवून केलेली एकच मांडणी दोन्हीकडे वापरता येते आणि डिझायनरचा खर्च वाचतो.

छपाईचा खर्च कायमचा बंद होईल हे विक्रेत्याचे म्हणणे अर्धवट आहे. छपाईचा खर्च कमी होतो, पण त्याच्या जागी दर आठवड्याला नवे दृश्य तयार करण्याचे काम येते, आणि ते कोण करणार हे ठरलेले नसेल तर संक्रांतीलाही दिवाळीचे कंदील फिरत राहतात. वर्षात किती बदल करता ते मोजा, त्याला एका छपाईच्या आणि लावण्याच्या खर्चाने गुणा, आणि समोर स्क्रीनची किंमत पाच वर्षांत विभागून, वीज आणि दृश्ये करणाऱ्या माणसाचा पगार मिळवून ठेवा. विजेचा आकडा लोक समजतात त्यापेक्षा लहान असतो: आतल्या नेहमीच्या ५५ इंची स्क्रीनला १५० वॉट धरले तर रोज बारा तासांना १.८ युनिट, महिन्याला ५४ युनिट; शोकेसच्या तेजस्वी पॅनेलला याहून जास्त लागते. माणसाचा आकडा मात्र समजतात त्यापेक्षा मोठा असतो. वर्षात चारच बदल करणाऱ्या जागी स्क्रीन परवडत नाही, आणि दर आठवड्याला बदल करणाऱ्या जागी फ्लेक्स परवडत नाही. तुमच्या वहीतल्या तारखाच हे सांगतील. माळ्यावर साठलेल्या फ्लेक्सचा विचारही या हिशोबात यावा. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे; जाड फ्लेक्स तिच्यातून सुटतो, पण तो कुजतही नाही, आणि आपल्यासारख्या दुकानाकडून तो शेवटी कोणाच्या तरी गोठ्यावरच जातो.

स्क्रीन घ्यायचे ठरले तर व्यावसायिक पॅनेल घ्या, आणि करारात तीन गोष्टी लिहून घ्या. दिवसाला सोळा तास चालवण्याची हमी असावी, कारण घरगुती टीव्ही दुकानात लावला की त्याची वॉरंटी बहुधा लागू होत नाही. वीज जाऊन आल्यावर स्क्रीन आपोआप सुरू होऊन थेट आपल्या दृश्यावर आली पाहिजे. नाहीतर सकाळी वीज गेली की दिवसभर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी मिरवत राहते. आणि इंटरनेट किंवा प्लेअर बिघडला तर दुकानाचे नाव असलेले एक स्थिर चित्र आपोआप दिसावे. पेनड्राइव्हने काम भागते, परंतु पेनड्राइव्ह कोण काढतो आणि कोण लावतो हे एका माणसाच्या नावावर असू द्या.

आता क्रम. या नवरात्रीच्या आधी शोकेसमध्ये एक उभी स्क्रीन आणि बसण्याच्या जागी एक आडवी, एवढ्या दोनच घ्या. उरलेल्या दोन स्क्रीनचे दिवाळीनंतर पाहू असे विक्रेत्याला सांगा; बाहेरच्या एलईडी वॉलला मात्र नकारच द्या. फ्लेक्सवाल्याकडून त्याच काळात मजल्यांच्या पाट्या, नियमांचा फलक आणि एक कापडी प्रकाशपेटी करून घ्या. त्याचे काम कमी होणार नाही, बदलेल, हे त्याला आधीच सांगितले तर तो अडवणूक करणार नाही. नवरात्रीच्या पहिल्या पाच दिवसांत शोकेसची स्क्रीन एक दिवस चालू आणि एक दिवस बंद ठेवा, आणि ‘उद्याच्या रंगाची साडी दाखवा’ असे म्हणत किती बायका आत आल्या ते दाराशी बसणाऱ्या मुलाला वहीत रेघा मारून नोंदवायला सांगा. पाच दिवसांचा हा हिशोब काही शास्त्र नव्हे, पाऊस आणि रविवार त्यात ढवळाढवळ करतील. पण रेघांची ती वही समोर असली म्हणजे दिवाळीनंतर विक्रेत्याशी बोलताना आपल्याकडे त्याच्या माहितीपत्रकापेक्षा बरे काहीतरी असेल.